दवाखान्यापासून एका बोटीच्या अंतरावर

हडपसरच्या पुढे जायचं नाही, असं आमच्या घरात कुणी ठरवलं नव्हतं. पण वर्षभर आम्ही गेलो नव्हतो. हडपसरला मुलगी राहते, म्हणून तिथपर्यंत. तेसुद्धा वाटेतल्या कोणत्या दवाखान्यात हृदयाचा विभाग आहे याची उजळणी करत. गाडी मी चालवायचे. शेजारून श्रीकांत सांगायचे, "आता मागचा लांब पडला, डावीकडचा जवळ." मी हं म्हणायचे.

श्रीकांत माझा नवरा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सुरक्षा विभागात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या नोकरीची सवय अशी, की कुठल्याही खोलीत शिरण्याआधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवायचा. लग्नाला गेलो तरी ते मांडवाची मागची बाजू आधी पाहून येतात. एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला तो घरी, गवार मोडताना. वेळेत नेलं, स्टेंट बसला, बरे झाले. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, पथ्य सांभाळा, रोज संध्याकाळी चाला आणि बाकी सगळं पूर्वीसारखं करा. श्रीकांतनी शेवटचं सोडून सगळं ऐकलं. मनगटावर नाडी दाखवणारं घड्याळ आलं. ते बघून उठायचं, बघून बसायचं.

मी कर्वेनगरमध्ये कॉलेजच्या मुलींसाठी मेस चालवते. रोज दोन्ही वेळा कुणाची तरी तक्रार ऐकून घेणारी बाई आहे मी, माझा धीर सहसा सुटत नाही. एका रविवारी खडकवासल्याला भजी खाताना मात्र सुटला.

"अहो, स्टेंट घालून माणसं हिमालयात जातात."

"जाऊ देत. तू धरणावर येतेस, भजी खातेस आणि घरी जातेस. पाय तरी भिजवलास का कधी?"

हे खरं होतं. मला पाण्याची भीती वाटते. लोकांना अशा भीतीमागे लहानपणीची एखादी गोष्ट हवी असते. माझ्याकडे नाही. मी विहिरीत पडले नाही, मला कुणी ढकललं नाही. घोट्याच्या वर पाणी आलं की श्वास अडकतो, एवढंच.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी समुद्रात उतरते. पण तो समुद्र असा हवा, की जवळ मोठा दवाखाना नको."

श्रीकांतनी पुढची दोन भजी संपवली. मग म्हणाले, "म्हणजे कुठे?"

"अंदमानात नील नावाचं बेट आहे. मेसमधली एक मुलगी जाऊन आली. मोठ्या दवाखान्यात जायचं तर बोटीने जावं लागतं."

"आणि बोट चुकली तर?"

"तर पुढची."

तिकिटं मी त्याच संध्याकाळी काढली. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले असते तर त्यांनी विचार बदलला असता, आणि मीही. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, तू बाबांना सहलीलाच नेतेयस ना?"

पोर्ट ब्लेअर

या गावाचं नाव आता बदललं आहे, पण रिक्षावाले अजून जुनंच घेतात. डिसेंबर असूनही विमानातून उतरल्यावर स्वेटर हातात, मग पिशवीत, मग पिशवीच्या तळाशी गेला. पुण्याच्या थंडीतून निघालेल्या माणसाला ही हवा म्हणजे कुकरचं झाकण उघडल्यावर तोंडावर येते तशी वाटते.

लोक इथे आले की आधी तुरुंग बघायला जातात. आम्ही आधी सरकारी दवाखाना बघितला. श्रीकांतनी रिक्षा तिथेच वळवायला लावली, आत जाऊन हृदयाचा विभाग कोणत्या मजल्यावर आहे ते पाहिलं, लिफ्ट चालते का तेही पाहिलं. मी बाहेर शहाळं प्यायले. रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, "साहब बीमार हैं?" मी म्हटलं, "नहीं, शौक है."

तुरुंग दुसऱ्या फेरीत झाला. तिथे मात्र श्रीकांत बाहेर पडायच्या वाटा शोधत नव्हते. कोठडीच्या दारापाशी बराच वेळ उभे राहिले.

नील बेट

बोटीत मी मधल्या रांगेत बसले आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिले. श्रीकांत खिडकीशी होते आणि खुशीत होते. पाणी निळं झालं, हिरवं झालं, आता उडणारे मासे दिसले, असं त्यांचं चालू होतं. बोट धक्क्याला लागली, मी पाय जमिनीवर टेकवले आणि आमची अदलाबदल झाली. मला बरं वाटलं. ते फोन उंच धरून उभे होते. रेंज नव्हती.

नील बेट सपाट आहे. भातखाचरं, भाजीचे मळे, सुपारीच्या रांगा आणि मधून जाणारा एक रस्ता. कुठेही उभं राहिलं तरी समुद्र फार लांब नसतो, पण दिसतो मात्र अचानक, झाडं संपली की. राहणारे बहुतेक बंगाली, पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या कुटुंबांतले. आम्ही उतरलो होतो ती जागाही अशाच एका घराच्या आवारात होती. मालकीण मिनतीदी, माझ्याच वयाची आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजाची.

तिच्या स्वयंपाकघरात मी पहिल्याच दुपारी शिरले. माझ्या धंद्यामुळे मला हे जमतं. भोपळ्याच्या फुलांची भजी, मोहरी वाटून केलेलं माशाचं कालवण, डाळ आणि डोंगरभर भात. मी पोळी मिळेल का विचारलं तर ती दचकली. "शुगर है क्या आपको?" तिच्याकडे पोळी मागतात ते मधुमेहवाले. माझ्या मेसमध्ये पोळ्या संपल्या तर मुली जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार नेतील. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने त्या मुलींची कीव केली.

पुण्याबद्दल तिला एकच गोष्ट माहीत होती. तिच्याकडे राहून गेलेल्या कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता, चौकात दुचाक्यांचा लोंढा सुटल्याचा.

"दीदी, आप वो रास्ता चलके पार करती हो?"

"रोज."

"मैं एक बार कलकत्ता गयी. रास्ता के उस पार मिठाई का दुकान था. मैं इस पार से देखके वापस आ गयी." तिने हे जराही न लाजता सांगितलं. समुद्रात ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून जाळं ओढते.

श्रीकांत तोवर बेटावरचं आरोग्य केंद्र पाहून आले होते. तिथल्या तरुण डॉक्टरणीने रक्तदाब तपासला, कागद पाहिले आणि विचारलं, "आप टूरिस्ट हैं या इन्स्पेक्शन के लिये आये हैं?" हे त्यांनी मला तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी डॉक्टरणीच्या बाजूने होते.

लक्ष्मणपूर

इथल्या किनाऱ्यांना रामायणातली नावं आहेत. लक्ष्मणपूरला खडकाची एक नैसर्गिक कमान आहे, ओहोटीला तिच्याखालून चालत जाता येतं. दुसऱ्या दिवशी तिकडे जायचं ठरलं. कधी, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. चहा झाल्यावर. कर्वेनगरात चारला चहा होतो, मग बूट, मग कालव्याच्या रस्त्याने चालणं, आणि अंधार पडायच्या आत घरी. वर्षभर यात खाडा नाही. ज्या माणसाने बोटींच्या वेळा, डॉक्टरणीच्या वेळा, अँब्युलन्सचा नंबर असं सगळं विचारून ठेवलं होतं, त्याने सूर्य कधी मावळतो ते विचारलं नाही. मीही नाही. नील बेट इतकं पूर्वेला आहे की घड्याळ आपलं चालतं, सूर्य त्यांचा.

खडक ओले होते, मधल्या डबक्यांत पाणी साचलेलं. एका डबक्यात काळं, जाडं, लांबट काहीतरी पडलं होतं. मला जुनं वांगं वाटलं. ते हललं. समुद्रकाकडी म्हणतात, असं श्रीकांतनी सांगितलं. कमानीखालून आम्ही पुढे गेलो. पुढे एक कोपरा वळला की वाळूची छोटी पट्टी होती, एकदम एकांत. कोपऱ्यावर घोट्याएवढं पाणी होतं, ते मी दगडावरून दगडावर पाय टाकत टाळलं आणि स्वतःचं कौतुक केलं. पट्टीच्या टोकाला जाऊन बसलो.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा श्रीकांत म्हणाले, "ढग आलाय."

ढग नव्हता. सूर्य पाण्याला टेकला होता, पाच वाजता. आम्ही उठलो आणि परत कोपऱ्यापाशी आलो, तर मघाचे दगड नव्हते. तिथे पाणी होतं, मांडीपर्यंत असावं, आणि लाट आली की कोपऱ्यावरच्या खडकावर आपटत होतं. मागे बघितलं तर वाळूची पट्टीही मघापेक्षा अरुंद झाली होती. झाडांच्या बुंध्यांवर पाण्याची जुनी रेघ दिसत होती, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. आसपास कुणी नव्हतं. श्रीकांतनी फोन काढून बघितला आणि परत ठेवला.

"वरून जाऊ," ते म्हणाले. वर म्हणजे उभी दरड, केवड्याची मुळं आणि काटे.

"तुम्ही चढणार? घरी दुसऱ्या मजल्यावर जाताना मध्ये थांबता."

"मग तू पाण्यातून येणारेस?"

"नाही."

"मग काय करायचं ते सांग."

मी दरडीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. "पाण्यातूनच जाऊ," मी म्हटलं. "दरडीवर तुम्हाला काही झालं तर मला तुम्हाला खाली आणता येणार नाही. पाण्यात मला काही झालं तर तुम्ही ओढू शकाल. तुम्हाला पोहता येतं."

"वर्षभरात पोहलो नाहीये मी."

"विसरत नाही म्हणतात. बूट काढू नका, खडक धारेचे आहेत."

मी त्यांचं मनगट धरलं. पहिलं पाऊल पोटरीपर्यंत गेलं, दुसरं गुडघ्याच्या वर. पाणी कोमट होतं, याची मला उगाचच चीड आली. श्वास अडकला, नेहमीसारखा. नेहमी मी तिथून मागे फिरते, त्यामुळे पुढे काय होतं ते मला माहीत नव्हतं. पुढे असं होतं की अडकलेल्या श्वासानेही चालता येतं. छान चालता येत नाही.

कोपऱ्याच्या बरोबर मध्यावर श्रीकांत थांबले.

"थांब. धडधडतंय."

"माझंही."

"माझं वेगळं आहे. हात काढ, घड्याळ बघू दे."

माझी मूठ त्यांच्या घड्याळावरच होती. "काढला तर मी वाहून जाईन," मी म्हटलं. ते खरं नव्हतं, पण त्या क्षणी मला खरं वाटत होतं. लाट आली, कमरेपर्यंत, आणि ओढणी तरंगायला लागली.

"अगं, पण नाडी..."

"नाडी काठावर बघू. चला." ताटात भाजी टाकून उठणाऱ्या मुलींशी मी ज्या आवाजात बोलते, तो आवाज होता. त्या आवाजाला आजवर कुणी उलट उत्तर दिलेलं नाही. श्रीकांत चालले. एकदा त्यांचा पाय घसरला तेव्हा मी त्यांना सावरलं, एकदा माझा घसरला तेव्हा त्यांनी. मग कमान दिसली, मग पाणी पोटरीपर्यंत, मग वाळू.

तिथे एक ओंडका पडला होता, त्यावर बसलो. श्रीकांतनी घड्याळ पुसलं आणि बघत राहिले. मीही बघत होते, त्यांच्याकडे. आकडा मोठा होता. मग कमी झाला. आणखी कमी झाला.

"उतरतंय," ते म्हणाले. आवाजात काळजी नव्हती, नवल होतं.

मिनतीदी टॉर्च घेऊन फाटकाशी उभी होती. आमचे कपडे तिने पायापासून वरपर्यंत बघितले.

"पांच बजे घूमने कौन जाता है, दीदी?"

"हमारे यहां सब जाते हैं."

"आपके यहां का सूरज अच्छा है. ओव्हरटाइम करता है."

मला वाटलं होतं, जेवताना श्रीकांत उद्याच्या पहिल्या बोटीचं काढतील. त्याला काय उत्तर द्यायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. ते म्हणाले, "उद्या मी सायकल घेतो भाड्याने. सीतापूरला जाऊन येतो, बेटाच्या त्या टोकाला."

"मीही येते."

"नको. मी एकटा जाणार."

"आज काय झालं ते विसरलात?"

"त्यामुळेच." त्यांनी भातात डाळ कालवली. "तू माझ्याकडे बघत असतेस ना सारखी. जेवताना, जिना चढताना. आत्तासुद्धा. तू बघायला लागलीस की मला वाटतं, हिला काहीतरी दिसलंय."

"तुम्ही सारखी नाडी बघता म्हणून मी बघते."

"बघ बाई. पण उद्या नको."

ते बरोबर होते. वर्षभर रात्री जाग आली की मी आधी त्यांचा श्वास ऐकते आणि मग कूस बदलते. बाजारात गेले तर अर्ध्यातून फोन करते, कोथिंबीर आहे का घरात म्हणून. कोथिंबीर असते. ही भीती मी आमच्या करारात धरलीच नव्हती. पाण्याची सांगायला सोपी होती.

भरतपूर

सकाळी श्रीकांत सायकलवर बसले. पहिल्यांदा जरा डुगडुगले, मग नीट गेले. सुपारीच्या रांगेमागे दिसेनासे झाले. फोनला रेंज नव्हतीच, त्यामुळे कोथिंबिरीचाही मार्ग बंद होता. घरी बसले असते तर फाटकात उभी राहून दिवस काढला असता. म्हणून मी टॉवेल घेतला आणि भरतपूरच्या किनाऱ्यावर गेले.

तिथे परिमल नावाचा गाइड ठरवलेला होता, चाळिशीचा, पान खाणारा, बोलायला कमी. त्याने मला जॅकेट चढवलं, डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावला, तोंडात नळी दिली आणि रबरी कडं हातात दिलं. मी सगळं ऐकून घेत होते. जरा वेळाने तो म्हणाला, "मॅडम, समुंदर पीछे है."

मी रस्त्याकडे तोंड करून उभी होते.

वळले. पाणी गुडघ्यावर आलं, कमरेवर आलं, श्वास अडकला. पुढे काय होतं ते आता माहीत होतं, त्यामुळे चालत राहिले. तोंड पाण्यात घालायची वेळ आली तेव्हा मात्र दोनदा बाहेर काढलं, एकदा खारं पाणी गिळलं, आणि परिमलला मराठीत काहीतरी बोलले जे त्याला कळलं नाही हे बरं झालं. तिसऱ्यांदा राहिले.

खाली प्रवाळ होतं. चित्रात दाखवतात तसं रंगीत नाही. बरंचसं राखाडी, मोठमोठे फ्लॉवरचे गड्डे बाजार उठल्यावर पडून राहावेत तसं. पण त्यांच्या फटींतून मासे ये-जा करत होते. पिवळे पट्टेवाले, एक निळा, एक इतका चपटा की वळला की नाहीसाच व्हायचा. कुणाला माझ्याशी देणंघेणं नव्हतं. स्वतःच्या श्वासाचा आवाज कानात मोठा येत होता. वर्षभरात मी माझा श्वास ऐकला नव्हता.

पाण्यात तोंड असलं की रस्ता दिसत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

उथळात आल्यावर उभी राहिले आणि पहिल्यांदा रस्त्याकडेच बघितलं. एक म्हैस जात होती. दुसरं कुणी नाही. सीतापूरला जाऊन यायला लागतो त्याहून जास्त वेळ झाला होता. मी मुखवटा कपाळावर सरकवला आणि काठाकडे दोन पावलं टाकली.

"हो गया, मॅडम?" परिमलने विचारलं.

बाहेर आले असते तर काय करता आलं असतं? रस्त्यावर जाऊन उभी राहिले असते. सायकलवाल्यांना विचारत सुटले असते. मग ते आले असते, मला तिथे उभं बघितलं असतं, आणि कर्वेनगरला परत गेल्यावर सगळं जसंच्या तसं चालू झालं असतं.

"नहीं," मी म्हटलं. "और एक बार. इस बार थोडा दूर."

मुक्कामी परतले तेव्हा जेवायची वेळ टळली होती. सायकल फाटकात नव्हती. घरी मी श्रीकांत आल्याशिवाय पानावर बसत नाही. मेसमध्ये पन्नास ताटं वाढून झाली तरी बसत नाही. मिनतीदीने विचारलं, "साहब को आने दें?"

"नको, लगा दो," मी म्हटलं. मराठी आणि हिंदीची सरमिसळ झाली, तिला कळली.

समुद्राने भूक इतकी लागते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी जेवले. मिनतीदीने माशाच्या कालवणाचं भांडं पुढे सरकवलं तसं आणखी घेतलं. रस्त्याकडे मी बघितलं, नाही असं नाही, पण काटे काढता काढता.

श्रीकांत आले ते उन्हाने काळवंडून, दोन्ही हातांना वंगण लागलेलं.

"चेन पडली होती," ते म्हणाले.

"बसवलीत?"

"बसवली. दोनदा." हात धुऊन ते समोर बसले आणि भांड्यात डोकावले. "मासा?"

"संपला."

"माझा?"

"दोघांचाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, ओल्या केसांकडे, मुखवट्याने कपाळावर पडलेल्या वळाकडे. मग डाळ आणि भात वाढून घेतला, पोटभर जेवले, आणि मिनतीदीकडे आणखी भात मागितला.